कोवळं ऊन, जुना कातळ

संक्रांतीआधीचा रविवार, अंधेरी

राजस्थानच्या वाळवंटातल्या कातळाचे फोटो काढायला जायचं तर आधी घरच्या कातळावर हात साफ करून घ्यावा, असं दादाचं म्हणणं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. लग्नाचे फोटो काढणं हा त्याचा धंदा आणि दगडांचे फोटो काढणं हा त्या धंद्यावरचा उतारा. तर पहाटे साडेसहाला आम्ही अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी हजर. सोबत आमच्या पार्ल्याच्या सोसायटीतले काका. काकांनी उभी हयात कॉलेजात भूविज्ञान शिकवलं. त्यांना डोंगर दिसत नाही, थर दिसतात.

हा २०० फुटी काळा कातळ, म्हणजे जवळजवळ ६१ मीटर, इमारती आणि झोपड्यांच्या घेऱ्यात सरळ उभा आहे. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेची देवळं, तिथवर कातळात खोदलेल्या पायऱ्या. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातलं. लाव्हा निवताना आकसतो, आकसला की तडकतो आणि तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत आत जातात. म्हणून हे उभे खांब. अमेरिकेत वायोमिंगला डेव्हिल्स टॉवरचे असेच खांब आहेत, ते बघायला लोक व्हिसाच्या रांगेत उभे राहतात. इथे १९५२ साली वन कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ साली महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत नाव लागलं, तरी अंधेरी स्टेशनवर रोज उतरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. काका म्हणाले, पूर्वी या रांगेत असेच आणखी खांब होते, जोगेश्वरीच्या बाजूला. खडी करून संपवले.

मुंबईत सूर्योदयाच्या फोटोला आड येतात ते शेजारी. सूर्य उगवला ७.१४ ला. समोरच्या इमारतींच्या डोक्यावरून खांबांवर ऊन पडेपर्यंत आठ वाजून गेले आणि तोवर त्यातलं सोनं ओसरलं होतं. शिवाय आपली हवा. दमटपणा, धूळ, गाड्यांचा धूर, सगळ्यातून गाळून आलेल्या उन्हाला धार नसते. खांबाच्या सावलीची कड शोधायला गेलं तर ती बोटभर रुंदीची, वितळल्यासारखी. मुंबईत शिकलेला फोटोग्राफर सावलीला घाबरत नाही, कारण खऱ्या सावलीशी त्याची गाठच पडलेली नसते.

"एक लक्षात ठेव," दादा म्हणाला. "सूर्य फ्रेममध्ये आला की खडक मेला. त्याला बाजूला ठेवायचा."

"आणि प्रत्येक फोटोत एक नाणं," काकांनी भर घातली. "नाहीतर तो डोंगर आहे की ढेकूळ, कळणार कसं?"

या दोन अटींवर पुढची सगळी भांडणं झाली.

गुरुवार, वांद्रे टर्मिनस

संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे काकूंच्या पिशवीत तिळाच्या वड्यांचा डबा, पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लिंबाचं लोणचं. काकू ऐनवेळी तयार झाल्या. "हे एकटे गेले तर दगड भरून आणतील," हे कारण. दुपारची सूर्यनगरी एक्स्प्रेस पकडली. ट्रायपॉडच्या नळ्या वरच्या बर्थवर चढवताना एका सहप्रवाशाने "मासे पकडायला?" असं मनापासून विचारलं.

बोरिवलीपासून सुरतेपर्यंत दादाने माझा कॅमेरा हातात घेऊन त्यातलं सगळं 'ऑटो' बंद केलं. त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रंगांचा समतोल ऑटोवर ठेवला तर पहाटेचा पिवळेपणा कॅमेऱ्याला दोष वाटतो आणि तो इमाने इतबारे पुसून टाकतो. ज्या रंगासाठी चार वाजता उठायचं, तोच जातो. म्हणून समतोल दिवसाच्या उन्हावर, ५५०० केल्विनच्या आसपास बांधून ठेवायचा आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न रंगवलेली कच्ची, घ्यायची. अबू रोड कधी आलं ते कळलं नाही, सगळे झोपलेले.

शुक्रवार, जोधपूर

गाडी लागली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि कान बधिर झाले. मुंबईत पारा सतरावर आला की आपण कानटोपी शोधतो. इथे दहाच्या घरात होता आणि चहावाला नुसत्या स्वेटरवर. काकू सामान घेऊन लॉजवर गेल्या, आम्ही तिघं ट्रायपॉडसकट रिक्षाने जसवंत थड्याच्या रस्त्याला लागलो.

जागा दादाने नकाशावर आधीच हेरली होती. जसवंत थडा ही राजघराण्याची संगमरवरी समाधी, मेहरानगड किल्ल्याच्या ईशान्येला. जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, इथल्या अक्षांशावर तो चोवीस-एक अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे थड्याकडून किल्ल्याकडे तोंड केलं की तो बरोबर डाव्या खांद्याच्या किंचित मागे येतो. ऊन कातळावर समोरून आदळत नाही, घासून जातं. समोरून पडलेल्या उन्हात खडक पोस्टाच्या तिकिटावर छापल्यासारखा सपाट होतो. घासून जाणाऱ्या उन्हात त्याची प्रत्येक फट, प्रत्येक उंचवटा आपापली सावली घेऊन उभा राहतो.

सूर्योदयाला पंधरा-वीस मिनिटं होती तेव्हा काकांनी दंडाला धरून मला पश्चिमेकडे वळवलं. किल्ल्यामागे क्षितिजालगत निळसर राखाडी पट्टा आणि त्यावर गुलाबी. "तो राखाडी आहे ना, ती पृथ्वीची सावली. आपल्याच पृथ्वीची, हवेवर पडलेली." सूर्य वर येत जातो तसा तो पट्टा खाली खाली बुडत जातो आणि त्याच्यावरचा गुलाबी फिकट होत नाहीसा होतो. आपल्याकडे क्षितिजालगत इतकं धुरकं असतं की त्यात हा पट्टा हरवतो; दादरच्या चौपाटीवर मी कितीतरी पहाटे काढल्या, पण समुद्राच्या बाजूला असलं काही पाहिल्याचं आठवत नाही. किल्ल्याचे सर्वांत शांत फोटो याच वेळचे निघाले. सावली नाही, ऊन नाही, कातळ जांभळट आणि वर गुलाबी.

मग ७.२७. पहिलं ऊन तटाच्या टोकाला लागलं आणि पडदा खाली सोडावा तसं उतरू लागलं. मेहरानगड राव जोधाने १४५९ साली बांधायला घेतला, शहरापेक्षा तो १२२ मीटर उंचावर आहे. खालचा कातळ त्याहून फार म्हणजे फारच जुना, मालाणी अग्निजन्य खडकांच्या कुळातला, साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीचा रायोलाइट, म्हणजे लाव्ह्याचाच फिकट खडक. गिल्बर्ट हिल त्याच्यापुढे कालचं पोर. भर दुपारी पाहिलं तर भिंत कुठे संपते आणि कातळ कुठे सुरू होतो ते पटकन कळत नाही, दोघांचा रंग एकमेकांत मिसळतो. सकाळच्या त्या दहा मिनिटांत मात्र शिवण उघडी पडते. भिंतीवरच्या सावल्या आडव्या, ओळीत, गवंड्याने आखलेल्या. कातळावरच्या उभ्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या.

माझा सर्वांत आवडता फोटो या शिवणीचा आहे. लांब पल्ल्याची लेन्स, एफ ८, आयएसओ १००, फ्रेममध्ये आकाश नाही, बुरुज पूर्ण नाही, फक्त चिऱ्यांच्या शेवटच्या रांगेखाली सुरू होणारा खडक. दादाचं मत, यात किल्ला ओळखू येत नाही. काकांचं मत, यात नाणं नाही.

ऊन वर आल्यावर किल्ल्याच्या वाटेवर फिरलो. इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला खडक आहे, वेल्डेड टफ. ज्वालामुखीची राख इतकी तापलेली पडली की तिचे कण पडल्या जागी, वरच्या थराच्या ओझ्याने, एकमेकांना चिकटले. काकूंना हे समजावताना काकांनी डबा उघडून वडीच दाखवली: पाक गरम असताना थापली की तीळ सुटे राहत नाहीत, तसं. काकू म्हणाल्या, हे तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर मी तुमचा विषय घेतला असता. त्याच परिसरात काही ठिकाणी रायोलाइटचे खांबही दिसतात, गिल्बर्टच्या खांबांसारखेच बहुकोनी, पण काळे नाहीत, गुलाबी-तपकिरी. सिलिका जास्त असली की लाव्हा घट्ट आणि फिकट होतो. कारण तेच, निवणं आणि आकसणं. काका बराच वेळ एका खांबाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

दुपारी घंटाघरापाशी मिर्ची वडा. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की काकूंनी दुसराही मागितला.

शनिवार, जोधपूर

राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचं दार हिवाळ्यात सूर्योदयानंतर उघडतं, त्यामुळे पहाट हुकली. दादाचं तोंड उतरलं. पण मला हा दिवस फोटोपेक्षा वेगळ्या कारणाने लक्षात राहिला.

किल्ल्याला लागूनच ७० हेक्टरचा हा उघडा ज्वालामुखी खडक. २००६ साली काम सुरू झालं तेव्हा तो वेड्या बाभळीने गच्च भरला होता. ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली झाडं, मारवाडात तिला बावळियो म्हणतात. राजे उमेदसिंहांच्या काळात वाळवंट हिरवं करायचं म्हणून तिचं बी विमानातून टाकलं, असं सांगतात. हिरवं झालं, पण बाकी काही उगवेना. वरून तोडली तर पुन्हा फुटते. खडकात दीड-दोन फूट खोल जाऊन मूळ काढावं लागतं. ते जमलं खंडवालियांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथल्या दगडाच्या खाणींत काम केलेल्या लोकांना. ते हातोडीने खडकावर ठोकतात आणि आवाजावरून ओळखतात की तडा कुठे आहे. जिथे बाभूळ निघाली, त्याच खळग्यात वाळवंटातली मूळची झाडं लावली. फेब्रुवारी २०११ मध्ये पार्क लोकांसाठी खुलं झालं. निसर्गलेखक प्रदीप क्रिशन यांच्या देखरेखीखाली हे काम झालं.

आता खडकाच्या भेगांतून थोर उभे आहेत, पानं नसलेले, हिरवट राखाडी. सूर्य चांगला वर आला होता, म्हणून दादाने उघड्यावरचे फोटो सोडून दिले आणि आम्ही खडक फोडून केलेल्या जुन्या नहरात उतरलो. पावसाचं पाणी तलावाकडे न्यायला हा काढलेला. दोन्ही बाजूंना भिंती, वर आभाळाची पट्टी. एका भिंतीवर ऊन, समोरच्या भिंतीवर त्याचं परावर्तन. त्या परतलेल्या उजेडात रायोलाइट आतून तापवल्यासारखा दिसतो. दहा वाजता, जेव्हा बाहेर फोटो काढण्यात अर्थ उरलेला नसतो, तेव्हा घळीत शिरावं, हे मला माहीतच नव्हतं. इथे मात्र दादा आणि काका दोघंही गप्प. दादा ट्रायपॉडच्या मागे, काका भिंगाच्या मागे.

काकांनी पार्कातून बाहेर पडताना डोंगराच्या एका कडेला हात केला. खाली रायोलाइट, वर आडवे थर असलेला वालुकाश्म. लाव्हा थंडावला, कोट्यवधी वर्षं पावसावाऱ्याने झिजला आणि मग त्यावर वाळू साचली. जोधपुरातली ती सीमाही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. या वालुकाश्माच्याच कुळातला दगड उमेद भवन राजवाड्याला, १९२९ ते १९४३ या काळात, वापरला. मी सीमेचा फोटो काढला, अकरा वाजताच्या सपाट उन्हात. काकांनी खांद्यावर थाप मारली. त्यांना सपाट उजेडच हवा असतो, थर नीट वाचता येतात.

रविवार, रस्त्यात

जोधपूर ते जैसलमेर २८५ किलोमीटरच्या आसपास. पोकरणला चमचम. बाकी खिडकीबाहेर.

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, हे आपल्या डोक्यात कॅलेंडरांनी बसवलंय. जैसलमेरच्या भोवती बराचसा भाग खडकाळ पठार आहे, पिवळट दगडाच्या लाद्या आणि खडे, मधून मधून केर-बोरांची खुरटी झुडपं. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. मुंबईत २२०० हून जास्त पडतो, आणि जुलैतल्या एका वाईट दिवसात इथला वर्षभराचा कोटा आपल्याकडे ओतून जातो. पाणी नाही म्हणून माती नाही, माती नाही म्हणून खडक झाकलेला नाही. कोकणात खडक बघायचा तर समुद्राने किंवा रस्तावाल्यांनी तो उघडा करावा लागतो.

गाडीवाला मारवाडी, पन्नाशीचा, प्रत्येक वाक्याला 'हुकुम'. उद्या पाच वाजता या म्हटल्यावर त्याने आरशातून काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी नाही. मी उठणार नाही."

सोमवार, बडा बाग

बडा बाग म्हणजे जैसलमेरच्या राजघराण्याच्या छत्र्या, दगडी स्मारकं, गावापासून सहा-एक किलोमीटरवर उत्तरेला. आम्ही आवाराबाहेरच्या खडकाळ उंचवट्यावर जागा धरली. मागे पवनचक्क्या, डझनावारी. पुष्कळ लोक त्या फोटोतून पुसतात. मला हा खोटेपणा वाटतो. तिथे उभं राहिल्यावर छत्र्यांइतक्याच त्याही दिसतात, आणि त्यांचा घुमणारा आवाज तर आधी येतो. दादाने शटर अर्ध्या सेकंदावर नेलं आणि पाती धुरासारखी केली. छत्र्या ठाम, मागे धूर. हे त्याला जमतं.

सूर्य ७.३७ ला आला आणि इथे मला मुंबईचा आणि थरच्या वाळवंटाचा फरक डोळ्यांवर बसला, अक्षरशः. मुंबईत सूर्य लाल गोळा म्हणून वर येतो, थोडा वेळ नुसत्या डोळ्यांनी बघता येतो. इथल्या कोरड्या, स्वच्छ हवेत त्याची कड दिसली की लगेच नजर वळवावी लागते. रंगही लाल कमी, पिवळा जास्त. आणि सावली पहिल्या मिनिटापासून धारदार, कात्रीने कापल्यासारखी. खडकाजवळ हात धरला तर सावलीतली बोटं मोजता येत होती.

या सावल्यांचा हिशेब दादाने तोंडपाठ केलेला आहे. इथे जानेवारीत सूर्य पाच मिनिटांत साधारण एक अंश चढतो. तो पाच अंशांवर असताना सपाट जमिनीवरच्या एक इंची खड्याची सावली साडेअकरा इंच. दहा अंशांवर साडेपाच-पावणेसहा. वीस अंशांवर पावणेतीन. म्हणजे पहिल्या पंचवीस मिनिटांत जमीन पूर्ण कोरलेली दिसते, पुढच्या पंचवीसमध्ये निम्मी. त्यानंतर तुम्ही फोटो काढा किंवा चहा प्या. पठारावर दूरचं काही नसतं, त्यामुळे फोटो पायाखालचाच काढायचा: कॅमेरा गुडघ्याखाली, रुंद लेन्स, पुढे एक लादी आणि तिची सावली फ्रेमच्या टोकापर्यंत.

"हुकुम, सूरज उधर है," गाडीवाला काळजीने म्हणाला. आम्ही तिघंही सूर्याला बगल देऊन जमिनीवर पालथे.

तसं पालथं पडल्यामुळेच ती लादी दिसली. पिवळ्या चुनखडीत शिंपल्यांचे तुकडे, नखाएवढे, पंख्यासारख्या रेघा असलेले. जुरासिक काळात इथे उथळ समुद्र होता, तो हा. वरून पाहिलं तर नुसते डाग. पण आडव्या उन्हात शिंपल्याच्या एकेका रेघेच्या बाजूला केसाएवढी सावली पडली होती आणि त्या सावलीमुळे तो शिंपला दगडातून अर्धा बाहेर आल्यासारखा दिसत होता. मी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचं टिपणारी लेन्स लावली. काकांनी न बोलता शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवलं. ते नाणं इतकं चकाकलं की उजेडाचं मोजमाप बिघडलं. मग एक नाण्यासह, एक नाण्याविना, असा तह झाला. ऊन वर सरकलं तशी रेघांमधली सावली आखडली आणि बघता बघता शिंपला पुन्हा डाग झाला. दादाने त्याच जागेवरून, तीच लेन्स ठेवून, वीस मिनिटांनी आणखी एक फोटो घेतला. दोन्ही शेजारी ठेवले तर वेगळा दगड वाटतो.

संध्याकाळी काकूंसाठी सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. उंट, ढोलक, गर्दी. दादाने तिथेही ट्रायपॉड रोवला.

मंगळवार, आकल

बाडमेर रस्त्यावर जैसलमेरपासून १७ किलोमीटर. आकलचं लाकूड-जीवाश्म उद्यान, २१ हेक्टर. उद्यानही पहाटे उघडत नाही, म्हणून सूर्योदय कुंपणाबाहेर. आज हवेत धूळ होती, ऊन किंचित मऊ, आणि दादा खूश. मी आज फारसं काढलं नाही. नुसतं बघितलं. उजेड आधी दूरच्या उंचवट्यांवर लागतो, मग पठारावरच्या एकेका खड्याच्या पूर्वेकडच्या गालावर, आणि सर्वांत शेवटी खळग्यांत. गार वाऱ्यात हातमोजे काढले की बोटं शटरवर चिकटायची. बॅटरी थंडीत लवकर उतरते म्हणून दुसरी मी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली होती.

दार उघडल्यावर आत गेलो. १८ कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं. फुलं न येणारे वृक्ष, सूचिपर्णी जातकुळीतले. खोडं पाण्यात पडली, वर गाळ साचला, गाळातून झिरपणाऱ्या पाण्यातल्या सिलिकेने लाकडाच्या पेशींची जागा हळूहळू घेतली. लाकूड गेलं, लाकडाचा आकार दगडात राहिला. आज तीच खोडं उघड्या पठारावर, पत्र्याच्या छपराखाली, लोखंडी जाळीत बंद आहेत. जाळी योग्यच आहे. आपल्या लोकांच्या खिशांचा भरवसा नाही. पण फोटोसाठी याहून वाईट मांडणी सुचणार नाही.

आणि तरीही नऊच्या सुमाराचं ऊन जाळीतून तिरकं आत आलं, खोडावर गजांच्या सावल्यांचे पट्टे पडले. दादा वैतागून पुढच्या छपराकडे गेला. मी थांबले. लेन्स गजांच्या फटीत टेकवली की गज दिसेनासे होतात, उरतात त्यांच्या सावल्या. एका पट्ट्यात सालीचे उभे चरे, तपकिरी. शेजारच्या अंधाऱ्या पट्ट्यात तेच चरे, निळसर. एका टोकाला खोड तुटलेलं आणि तुटलेल्या जागी तंतू. बोटाने दाबलं तर झिलपी निघेल असं वाटणारं, आणि असतं गारगोटीसारखं कठीण. काका जाळीच्या पलीकडून म्हणाले, "अगं, याच्या वेळी दख्खनचा लाव्हा यायला अजून अकरा कोटी वर्षं होती." त्यांनी नाणं खिशातून काढलं, जाळी पाहिली आणि परत ठेवलं.

परत

दुपारीच निघून रात्री जोधपूर, आणि तिथून संध्याकाळची गाडी दुसऱ्या दिवशी. गाडीत दादाने लॅपटॉपवर फोटो उघडले आणि मेहरानगडाच्या कातळावर केशरी चढवायला लागला. गिऱ्हाइकांना हेच आवडतं म्हणाला. मी म्हटलं, इथे गिऱ्हाईक कुठाय? वाद पालनपूरपर्यंत चालला. शेवटी ठरलं की रंग जसा आला तसा ठेवायचा, फक्त सावल्या किंचित उचलायच्या. मला तेही मान्य नाही. सावलीसाठीच गेलो होतो, ती उचलायची कशाला? पण दादाला थंडीने सर्दी झाली होती, म्हणून सोडून दिलं.

पार्ल्यात आल्यावर दादा ट्रायपॉड धुवायला आमच्या मोरीत बसला. समची वाळू नळ्यांच्या पेचांत शिरून कचकच वाजत होती. काका धावत आले. नळ बंद करवला, वर्तमानपत्र पसरलं, नळ्या आपटून वाळू काढली आणि भिंगाखाली धरली. कण गोल, आणि दुधी काच असावी तसे मळकट. वाऱ्याने उडून एकमेकांवर आपटत राहिलेली वाळू अशीच होते. मग त्यांना जुहूची वाळू शेजारी ठेवून बघायची होती, तीत शिंपल्यांचा चुरा असतो म्हणून. ती आणायची जबाबदारी माझ्याकडे आली. तोवर तिसऱ्या पायाचं खालचं नळकांडं, कणांसकट, त्यांनी टेबलावर ठेवून घेतलंय. दादाचं रविवारी लग्न आहे. म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी, याला फक्त फोटो काढायचेत. तो रोज फोन करून नळकांड्याची चौकशी करतो, आणि काकू रोज सांगतात की साहेब झोपलेत.